मदत हवी आहे : नोकऱ्या सोडून मुलांसह दोन वर्षे जगप्रवास

सप्रेम नमस्कार. आम्ही बेळगावातील शहापूरचे रहिवासी असून, मी बँकेतील अठरा वर्षांची आणि पत्नी शिक्षिकेची नोकरी सोडून येत्या जूनपासून दोन्ही मुलांसह दोन वर्षे जग पाहण्यास निघणार आहोत. निर्णय पक्का आहे. खानापूरच्या शेतघरी राहणाऱ्या आईने तर थोरल्याच्या जुन्या भूगोलाच्या वहीतील नकाशावर कुंकवाचे बोट टेकवून मार्गही आखून दिला आहे.

मुख्य चिंता थोरल्याच्या शिक्षणाची आहे. तो मराठी माध्यमात आठवीत आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करता येते, हे आम्हाला ठाऊक आहे; परंतु परतल्यावर कर्नाटकात अकरावीला, म्हणजे इथल्या पीयूसीला, प्रवेश घेताना कन्नड विषयाची अडचण येते का, हे ज्यांनी प्रत्यक्ष अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दुसरा प्रश्न व्हिसाचा. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांहून अधिक राहता येत नाही आणि अर्ज साधारणपणे आपल्या वास्तव्याच्या देशातूनच करावा लागतो, त्यामुळे युरोप आधी उरकून मग आग्नेय आशियाकडे वळावे, असे मला वाटते. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच असतात. धाकटीचा वाटेतच संपेल. तो निघण्यापूर्वीच नवा करून घ्यावा की परदेशातील भारतीय दूतावासात ते काम विनासायास होते?

सीमाभागातून असे कुटुंबासह कोणी गेले असल्यास त्यांचा अनुभव आम्हाला फार मोलाचा वाटेल.