जुलैची सहल: तळं, धबधबा का शिखर?

प्रेषक: केतकी (सहल समिती)

मंडळी नमस्कार,
जुलैच्या तिसऱ्या शनिवारच्या हाईकसाठी कालपर्यंत ३८ नावं आलीत, सगळ्यात धाकटा ६ वर्षांचा आणि सगळ्यात मोठे काका ७१चे. समितीत बहुतेकांना स्नो लेक हवंय, फोटो बघून सगळे हरखलेत आणि सिअ‍ॅटलहून लांबही नाही. काहींना वॉलेस फॉल्स, दोघं-तिघं माउंट साय म्हणतायत. बुधवारपर्यंत मत कळवा म्हणजे गाड्यांचं ठरवता येईल.
केतकी

प्रेषक: विनय

केतकी, स्नो लेकला ३८ जण एकत्र नेताच येणार नाहीत. ते तळं अल्पाइन लेक्स विल्डर्नेस या राखीव रानात येतं आणि तिथं एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त १२ माणसं असा नियम आहे. आता कोणीतरी म्हणेल दहा-दहाचे चार ग्रुप करू आणि तळ्यावर भेटू, तर कृपा करून तसं नको, तिथली माती आणि काठावरची झुडपं फार नाजूक असतात, एकदा तुडवली की परत उगवायला वर्षं लागतात, नियम त्यासाठीच आहे.

दुसरं म्हणजे मला मनापासून वाटतं की आपण हाईक फोटो बघून निवडतो आणि तिथंच चुकतं. आधी येणारी माणसं बघावीत मग जागा. स्नो लेक जाऊन-येऊन साधारण ७ माईल आणि १,८०० फूट चढ, पण खरी गोम अशी की आधी खिंडीपर्यंत चढायचं आणि मग तळ्याकडे जवळजवळ ४०० फूट उतरायचं, म्हणजे परतताना पाय थकलेले असताना पुन्हा चढ. सहा वर्षांचं पोर तिथंच बसकण मारतं.

आणि बर्फ. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो होतो, पुण्याहून बाबा आलेले, खाली पार्किंगमध्ये टी-शर्टवर फिरण्याइतकं ऊन आणि वरच्या वळणांवर गुडघाभर बर्फ, वाट दिसेना. बाबांच्या पायात साधे चालायचे बूट, ते घसरले आणि मनगट चांगलंच सुजलं. मी मागं फिरायला हवं होतं त्याच्या अर्धा तास उशिरा फिरलो, ते मला अजून लागतं. जुलैच्या मध्यापर्यंत बहुधा वाट मोकळी होते, तरी वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशनच्या साइटवर त्याच आठवड्यात गेलेल्यांचे रिपोर्ट वाचूनच निघायचं.

आपल्याकडं धबधबे म्हणजे जुलै-ऑगस्ट, पावसाबरोबर. इथं उलटं आहे, उन्हाळा कोरडा, धबधब्यांना पाणी येतं ते वितळणाऱ्या बर्फाचं, त्यामुळे खरा जोर मे-जूनमध्ये. वॉलेस फॉल्स मला अतिशय आवडतो, मधला धबधबा २६५ फुटांचा आहे, पण तो पुढच्या मे महिन्यासाठी ठेवू.

माउंट सायबद्दल एकच सांगतो, उंची बघू नका, चढ बघा. वाट संपते ३,९०० फुटांवर, कळसूबाई ५,४०० फुटांचं, म्हणून बरेच जण सहज घेतात. पण साय सुरू होतो जवळजवळ पायथ्याच्या गावाच्या पातळीवरून, ४ माईलमध्ये ३,१५० फूट चढायचं, वाटेत सपाटी अशी फारशी नाहीच. आणि वरच्या हेस्टॅक सुळक्यावर कोणी चढायचं नाही, तिथं पाय सटकला तर संपलं.

म्हणून माझं म्हणणं, एकच हायवे धरायचा, आय-९०, आणि तीन टोळ्या करायच्या. लहान मुलं आणि त्यांचे आईबाबा फ्रँकलिन फॉल्सला, जाऊन-येऊन २ माईल, ७० फुटांचा धबधबा, शेवटचा खडकाळ तुकडा ओला असतो तिथं मुलांचा हात सोडायचा नाही. स्नो लेकला १२, त्यात एकही जास्त नाही. तयारीचे लोक सायला.
विनय

प्रेषक: नीलिमा

विनय भावजी, तीन टोळ्या पटल्या, पण आमच्या सासूबाई आणि ते ७१चे काका यांचं काय? त्यांना गाडीत बसवून ठेवायचं नाहीये. मी रॅटलस्नेक लेक सुचवते, नॉर्थ बेंडजवळ, काठानं सपाट रस्ता आहे, बाकं आहेत, संध्याकाळी सगळ्यांनी तिथंच जमावं. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खाली गेलं की त्यात जुन्या झाडांचे बुंधे दिसतात. शेजारी मॉन्क्टन नावाचं गाव होतं, वरच्या धरणाचं पाणी झिरपून १९१५ मध्ये ते बुडालं. सासूबाई इंदापूरकडच्या, उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ते त्यांनी पाहिलंय, हे ऐकल्यापासून रोज विचारतायत कधी जायचं.
वरच्या रॅटलस्नेक लेजला मात्र मुलांना घेऊन कोणी परस्पर चढू नका, माथ्यावर कठडा नाही, सरळ कडा आहे.
नीलिमा

प्रेषक: केतकी (सहल समिती)

दादा, वहिनी, खूप आभार, १२चा नियम मला खरंच माहीत नव्हता. मग ठरलं असं.
फ्रँकलिन फॉल्स १७, स्नो लेक १२, साय ५, आणि रॅटलस्नेक लेकला ४. पार्किंग लवकर भरतं म्हणून साय आणि स्नो लेकवाल्यांनी सकाळी ७ला ट्रेलहेडवर, म्हणजे वाट सुरू होते तिथं. गाडी लावायला सायला डिस्कव्हर पास लागतो, स्नो लेक आणि फ्रँकलिनला नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास, हे दोन वेगळे आहेत, ज्यांच्याकडं सगळ्या नॅशनल पार्कांचा वार्षिक पास (अमेरिका द ब्युटिफुल) आहे त्यांना तो फॉरेस्टवाल्या जागी चालेल पण सायला नाही. फ्रँकलिनकडचा रस्ता उघडा आहे का ते मी आदल्या दिवशी बघून मेल टाकते.
प्रत्येकाकडं दोन लिटर पाणी, एक गरम कपडा, टॉर्च. स्नो लेकचं पाणी जुलैतही बर्फाचंच असतं, उडी मारायची नाही, पोहता येणाऱ्याचाही श्वास अडकतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मंडळातर्फे, सालं-टरफलं सकट सगळा कचरा परत आणायचा.
५ वाजता रॅटलस्नेक लेक. स्नो लेकच्या १२ पैकी दोघांनी हाईकिंगचे बूट आहेत का ते अजून कळवलेलं नाही, त्यांनी उद्यापर्यंत कळवा, वेटिंगवर तिघं आहेत.
केतकी