रोज तगड्याकडून हरून बुद्धिबळ सुधारतं का? मला तरी नुसतं हरून काही मिळालं नाही

पूर्वभाग:
सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला एका किराणा दुकानाच्या कट्ट्यावर संध्याकाळी पट लागतो. तिथं एक काका येतात, मिलमध्ये जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते, आता सत्तरी ओलांडलीय. घरी तेलुगू, कट्ट्यावर मराठी, आणि खेळ असा की आजूबाजूच्या चार गल्ल्यांत त्यांना हरवणारा कोणी नाही. दोन वर्षं झाली मी त्यांच्याबरोबर खेळलालो. वहीत मांडून ठेवतो म्हणून आकडा सांगता येतो, पहिल्या वर्षी १३१ डाव, त्यात १२८ हरलो, ३ बरोबरीत.

सगळे एकच सांगतात, तगड्याशी खेळ, मार खा, आपोआप सुधारशील. मी वर्षभर मार खाल्ला आणि आपोआप काही झालं नाही. उलट वाईट सवय लागली. लवकर मात बसू नये म्हणून सुरुवातीलाच वजिरावजिरी (दोघांचेही वजीर मारून पटाबाहेर) करून टाकायची. मग तिसाव्या चालीला हरायचो ते पन्नासाव्या चालीला हरायला लागलो आणि मला वाटायचं आपण सुधारलो.

फरक पडला तो एका संध्याकाळी. शेवटी दोघांचा एकेक हत्ती आणि काकांचं एक प्यादं, एवढंच उरलं होतं. (ए ते एच ह्या पटाच्या उभ्या ओळी, १ ते ८ आडव्या, आठवी माझ्या बाजूची.) त्यांचा राजा डी५ वर, प्यादं ई५ वर, हत्ती एच७ वर. माझा राजा ई८ वर आणि हत्ती ए८ वर, चाल माझी. मला डी८ वरून शह दिसला, दिला. काकांनी राजा ई६ वर ठेवला आणि संपलंच, कारण आता एच८ ला हत्ती आला की मात, आणि राजा एफ८ ला सरकवला तर त्याच शहात माझा हत्ती जातो. मी पट आवरायला लागलो तर काकांनी हात धरला. म्हणाले, "थांब बे. शह दिसला की देऊन टाकतोस. त्या शहानं माझा राजा पुढंच आला की. हत्ती ए६ ला ठेव, बघ माझा राजा कुठून येतो ते." सोंगट्या परत मांडल्या, मी हत्ती ए६ ला ठेवला. सहावी ओळच बंद. मग त्यांनी प्यादं ई६ वर ढकललं आणि मला विचारलं आता काय, मी गप्प. त्यांनीच माझा हत्ती उचलून खाली ए१ वर ठेवला. आता मागून शह देत राहायचं, त्यांच्या राजाला लपायला प्याद्यापुढचं घरच उरलं नाही. बरोबरी.

ह्याला फिलिडोरची बरोबरी म्हणतात, अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडूच्या नावानं, ते मला नंतर कळलं. पण मुद्दा असा की असले शेवट मी त्याआधीही हरलो होतो, वहीत आहेत, आणि प्रत्येक वेळी "एक प्यादं कमी होतं म्हणून हरलो" एवढंच समजून घरी गेलो. हरण्यानं मला काही सांगितलं नाही, काकांच्या दहा मिनिटांनी सांगितलं. म्हणून माझं मत, समजावून सांगणारा नसेल तर फार तगड्याशी खेळण्यात वेळ जातो आणि वाईट सवयी लागतात.

जुळेसोलापूर:
मालक, तुमचा शेवट वाचून मजा आली पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. ते १२८ डाव हरला नसतात तर काकांची ती दहा मिनिटं तुमच्या डोक्यात शिरली असती का? पहिल्याच दिवशी त्यांनी सहाव्या ओळीचं सांगितलं असतं तर तुम्ही हो हो म्हणून विसरला असता. दुखलं होतं म्हणून औषध लक्षात राहिलं.

मी पुण्याला, सांगलीला स्पर्धा खेळायला जायचो, लॉजवर राहून, आणि बहुतेक वेळा माझ्यापेक्षा कितीतरी वरच्या रेटिंगचा (स्पर्धांतल्या निकालांवरून मिळणारा ताकदीचा आकडा) माणूस समोर यायचा. मला कोणी काही समजावलं नाही, डाव संपला की हात मिळवून ते निघून जायचे. पण समोर बसून त्यांना बघण्यातच केवढं शिकायला मिळतं. एकदा मी एक साधी चाल केली, मला वाटलं ह्यात बघण्यासारखं काही नाही, आणि तो माणूस वीस मिनिटं विचार करत बसला. वीस मिनिटं! त्या वीस मिनिटांत मीही नाइलाजानं पट बघत बसलो आणि मला माझ्याच उंटाचं दुखणं दिसलं, जे मी कधी बघितलं नसतं. बरोबरीचा माणूस तिथं दोन मिनिटांत चाल करतो आणि तुम्हालाही दोन मिनिटांत विचार करायची सवय लागते.

आणि मोठ्यांचं बघा. आनंद १९९५ ला न्यूयॉर्कला कास्पारॉव्हशी जगज्जेतेपदासाठी खेळला, पहिले आठ डाव बरोबरीत, नववा जिंकला आणि पुढच्या पाचांतले चार हरला. शेवटी साडेदहा-साडेसात असा पराभव. त्यानंतर २००० ला तेहरानमध्ये फिडेचा (जागतिक बुद्धिबळ संघटनेचा) जगज्जेता झालाच ना. मार खाल्ल्याशिवाय होत नाही हो.

पूर्वभाग:
आनंदचं उदाहरण इथं लागू पडत नाही असं मला वाटतं. कास्पारॉव्ह वर होता, पण आनंदही तेव्हा जगातल्या पहिल्या काही जणांत होता. आपल्या कट्ट्यावरचं अंतर तसलं नसतं. रेटिंगच्या हिशोबानं ४०० चा फरक असला की तगड्याला १०० डावांत साधारण ९१ गुण मिळतात, ८०० चा असला की ९९. म्हणजे शंभर डावांत माझ्या वाट्याला एक गुण. त्यात मी कुठली चाल चांगली केली आणि कुठली वाईट हे मला कळणार कसं, दोन्हीचा निकाल सारखाच लागतोय. चांगली चाल केली तरी हरलो, वाईट केली तरी हरलो. बरोबरीच्या माणसाशी खेळताना चांगल्या चालीचं निदान बक्षीस तरी मिळतं.

आणि आनंदबरोबर डाव तपासायला माणसं होती. ती गोष्ट तुम्ही सोडून देताय.

सातरस्ता:
दोघंपण जुन्या काळातलं बोलताय राव. आता माणूस कशाला पाहिजे समजवायला? डाव फोनवर टाकायचा, स्टॉकफिश, म्हणजे डाव तपासणारं इंजिन, दोन सेकंदात सांगतो कुठं चुकलं. मी रोज रात्री कॉम्प्युटरशी खेळतो, हरतो, मग बघतो, लाल खूण आली की कळतं. कट्ट्यावर जायची गरजच नाही, आणि काका उद्या गावाला गेले तर काय खेळ बंद ठेवणार का

चौसष्टघरं:
मी मुलांना शिकवतो म्हणून लिहितोय. सातरस्ता भाऊ, इंजिन चूक कुठं झाली ते सांगतं, तुम्ही ती का केलीत ते सांगत नाही. पूर्वभाग यांच्या डावात इंजिननं फक्त दाखवलं असतं की ए६ ला बरोबरी आणि डी८ ला हार. काकांनी जे सांगितलं ते वेगळंच होतं, शह दिसला की देऊन टाकतोस. ही ह्या एका डावातली चूक नाही, त्या माणसाची सवय आहे, आणि ती सवय ज्यानं शंभर डाव समोर बसून बघितली त्यालाच दिसते.

पूर्वभाग यांच्या बाजूनं एक जुनं उदाहरण देतो. मीर सुलतान खान, पंजाबचा, देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकलेला. (आपल्या आजोबांचीच पद्धत ती, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी असायची.) १९२९ ला तो लंडनला गेला, तिथल्या पहिल्या छोट्या स्पर्धेत त्याचं काही चाललं नाही, ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची) माहितीच नव्हती. मग विंटर आणि येट्स ह्या तिथल्याच दोन चांगल्या खेळाडूंनी त्याला बसवून तयारी करून घेतली, आणि त्याच वर्षी तो ब्रिटिश चॅम्पियन झाला. पुढं १९३२ आणि १९३३ लाही. गुण त्याच्यात होताच, पण पहिल्या स्पर्धेत हरल्यावर दाखवणारे भेटले.

मात्र पूर्वभाग यांचं एक मला खटकतं. काकांनी हत्ती उचलून ए१ वर ठेवला, तिथं ते थोडं थांबायला हवे होते. मी माझ्या मुलांना डाव संपल्यावर आधी काही सांगतच नाही. आधी वहीत लिही, ह्या चालीला तुझ्या मनात काय होतं. तीन ओळी. मग मी बोलतो. तगड्या माणसानं लगेच सांगितलं की पोरगं त्याचं डोकं वापरतं, स्वतःचं नाही.

कडकभाकरी:
तुमचं सगळ्यांचं वाचलं, तुम्ही सगळे मोठी माणसं आहात म्हणून एवढं शांतपणे हरण्याबद्दल बोलू शकता, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला क्लासला घातलं तिथं त्यांनी सांगितलं मोठ्या ओपन स्पर्धेत खेळवा, हरली तरी शिकेल. स्विस लीग असते ना, पहिल्या फेरीत वरची अर्धी यादी खालच्या अर्ध्या यादीशी, म्हणजे समजा २०० जण असले तर पहिल्या नंबरसमोर १०१ नंबरवाला. ही खालच्या अर्ध्यात, रेटिंग नाही, त्यामुळे दर स्पर्धेत सकाळी पहिल्याच फेरीत कोणीतरी दाढीवाला दादा समोर आणि पंधरा मिनिटांत ही बाहेर. बाहेर येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवायची, काही बोलायची नाही. मी विचारलं काय झालं तर म्हणायची माहीत नाही. तिला खरंच माहीत नव्हतं हो! तिसऱ्या स्पर्धेनंतर तिनं पट कपाटावर ठेवला तो चार महिने काढला नाही.

जुळेसोलापूर दादा, दुखलं की औषध लक्षात राहतं म्हणता, पण तिला नुसतं दुखलं, औषध कोणी दिलंच नाही. आता शेजारच्या तिच्याच वयाच्या मुलाबरोबर खेळते, कधी ती जिंकते कधी तो, आणि भांडत भांडत का होईना दोघं चाली परत लावून बघतात. मला हेच बरं वाटतंय.

जुळेसोलापूर:
ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. नऊ वर्षांच्या मुलीला तसं ढकलणं चूकच, ते मी मान्य करतो, माझं बोलणं जाणत्या माणसांबद्दल होतं हे मी आधी लिहायला हवं होतं. पण एक विनंती, कायम बरोबरीच्याशीच खेळवू नका. शेजारचा मुलगा ज्या चुका करतो त्याच चुकांवर ती जिंकायला शिकेल. तो घोडा फुकट सोडतो म्हणून ती फुकट घोड्याची वाट बघत बसेल. पुढं कधीतरी असा कोणी समोर येईल की जो काहीच फुकट सोडत नाही, आणि तेव्हा पुन्हा तेच रडणं. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ ला बातुमीमध्ये महिला वर्ल्ड कपच्या फायनलला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं. हंपी २००२ ला ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्या जन्मलीसुद्धा नव्हती. तशा माणसासमोर बसायची भीती जाते ती अशांसमोर बसूनच.

चौसष्टघरं:
ताई, एक मधला रस्ता आहे, मी वापरतो. तगड्या माणसानं घड्याळात स्वतःला ३ मिनिटं घ्यायची आणि पोराला १५ द्यायची. पूर्वी वजीर किंवा घोडा काढून खेळायचे, पण त्यात डाव खोटा होतो, सुरुवातीपासून पटच वेगळा. वेळ कमी केली तर चाली खऱ्याच राहतात, फक्त तगडा माणूसही कधीकधी चुकतो, आणि पोराला ती चूक पकडता येते. तिच्याकडून पहिल्या महिन्यात एक डाव जरी निघाला ना, पट कपाटावर जाणार नाही.

पूर्वभाग:
काल कट्ट्यावर काकांना हा सगळा वाद वाचून दाखवला. विचारलं, तुम्हाला कोणी समजावलं होतं का. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मिलच्या कँटीनमध्ये टाइम ऑफिसचे एक क्लार्क होते, जेवणाच्या सुट्टीत रोज एक डाव, एक शब्द बोलायचे नाहीत, मात दिली की डबा उचलून निघून जायचे. "मला कोणी सांगितलं नाही की रे. नुसतं हरूनच शिकलो." (जुळेसोलापूर, हे तुमच्या बाजूचं आहे, लपवणार नाही.) मी म्हटलं मग मला कशाला सांगितलंत? तर म्हणाले, "मला चौदा वर्षं लागली. ते फिलि का काय म्हणतोस ते तर मिल बंद पडल्यावर कळलं. तुझ्याकडं चौदा वर्षं हायत का बे?"

चौसष्टघरं यांचं वहीचं पटलं. कालपासून डाव संपला की आधी तीन ओळी लिहितो, मग वही काकांपुढं ठेवतो. काल लिहिलं होतं, "उंट मागं घेतला कारण भीती वाटली." काकांनी वाचलं आणि विचारलं, कशाची? मला उत्तर देता आलं नाही. तो उंट सुरक्षित होता.

कडकभाकरी ताई, काकांना तुमच्या मुलीबद्दलही सांगितलं. ३ मिनिटं आणि १५ मिनिटं हे त्यांना मान्य आहे, फक्त आमच्याकडं घड्याळ नाही.

जुळेसोलापूर:
घड्याळ माझ्याकडं आहे, रविवारी पाच वाजता घेऊन येतो. काकांशी एक डाव मलाही खेळायचाय, आणि संपल्यावर मी काही विचारणार नाही.

कडकभाकरी:
शेजारचा मुलगा पण येतो म्हणतोय, दोघांना आणलं तर चालेल का?

पूर्वभाग:
चालेल की ओ. पट एकच आहे, तुमचा घेऊन या.