बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू, मिंट की डेबियन?

जुना_आय३:
बाबांचा लॅपटॉप २०१५ चा, पाचव्या जनरेशनचा आय३, रॅम ४ जीबी, हार्डडिस्क मूळचीच. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ च्या यादीत हा प्रोसेसरच नाही. ते साताऱ्यात, मी पुण्यात, म्हणजे अडलं की फोनवरच सांगायचं. काम काय तर यूट्यूब, पेपर, बँक, आणि सोसायटीची पत्रं मराठीत टाइप करून प्रिंट काढणं. म्हणून लिनक्स टाकायचंय. उबुंटू, मिंट, डेबियन हे तिन्ही लिनक्सचेच प्रकार, एकाच घरातले म्हणतात, मग फरक आहे कशात?

निवांत:
घर एकच आहे रे. डेबियन १९९३ चं, त्यातून २००४ ला उबुंटू, आणि उबुंटूवरून २००६ ला मिंट. तिन्हीकडे सॉफ्टवेअर टाकायला एपीटी हेच टूल. मिंट घे, एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपवालं, ४ जीबीला तेच झेपेल. मेनू खाली डावीकडेच असतो, फोनवर "स्टार्ट दाबा" म्हटलं की बाबांना कळतं, उबुंटूच्या त्या उभ्या पट्टीवर हेच समजावताना माझा अर्धा तास गेलाय. शिवाय उबुंटूत एपीटीने फायरफॉक्स टाकलं तरी ते स्नॅप म्हणूनच (उबुंटूचं स्वतःचं, उघडायला जड पॅकेज) येतं, जुन्या हार्डडिस्कवर पहिल्यांदा उघडेपर्यंत चहा होतो. मिंटमध्ये साधं डेब पॅकेज येतं. टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमचा बॅकअप घेणारं टूल, पण आधीच असतं, ते पहिल्या दिवशी चालू कर, अपडेटने काही बिघडलं तर मागे जाता येतं.

टर्मिनलवाला:
डेबियनला उगाच घाबरवतात लोक. आवृत्ती १२ पासून वायफायचं फर्मवेअर (वायफाय चिप चालायला लागणारी फाइल) इन्स्टॉलरमध्येच येतं, आधीसारखी शोधाशोध नाही. एकदा लावलं की दोनेक वर्षं फारसं काही हलत नाही, बाबांसाठी अजून काय पाहिजे? फक्त इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनचा, पासवर्ड रिकामा सोड. भरलास तर तुझा युजर सुडोत, म्हणजे अ‍ॅडमिनची कामं करू शकणाऱ्यांत, जात नाही आणि मग तो सुडोअर्स फाइलमध्ये (त्यांच्या यादीत) नाही म्हणून मशीनच तुला दटावतं, मी यात एक रविवार घालवलाय. मिंटचं रूप आणि खाली डेबियन असं दोन्ही हवं असेल तर एलएमडीई आहे, पण ते सिनॅमन या जड डेस्कटॉपवरच येतं, ४ जीबीत जरा ओढाताण.

फाँटग्रस्त:
डिस्ट्रो (लिनक्सचा कुठला प्रकार ते) नंतर ठरवा हो, आधी जुनी पत्रं उघडून बघा! युनिकोडमध्ये, म्हणजे हल्लीच्या सगळीकडे चालणाऱ्या मराठीत, असतील तर तिन्हीकडे सारखीच दिसतील. डीटीपीच्या जुन्या फाँटमधली असतील तर फाँट नसताना नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. विंडोज पुसायच्या आधी त्या फाँटच्या टीटीएफ फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेवा. प्रिंटर पण लाइव्ह यूएसबीवरच (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून) लावून बघा, काही जुन्या स्वस्त लेझरना लिनक्सचा ड्रायव्हर धड मिळत नाही आणि तिथे मिंट काय नि डेबियन काय. आणि हार्डडिस्क काढून एसएसडी टाका, तिन्हीतल्या फरकापेक्षा तो फरक मोठा.

जुना_आय३:
शनिवारी जाऊन मिंट एक्सएफसीई लाइव्ह चालवलं. वायफाय लगेच आलं, प्रिंटरने एक पान काढलं. पत्रं मात्र खरंच जुन्या फाँटमधलीच निघाली, फाँट कॉपी केल्यावर दिसली, पण बाबा टाइप करतात त्या जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर, इनस्क्रिप्ट, म्हणजे संगणकावरचा प्रमाण मराठी लेआउट, त्यांना येत नाही. तो लेआउट लिनक्सवर कोणी लावलाय का?

फाँटग्रस्त:
म्हणजे रेमिंग्टन लेआउट. आयबस (लिनक्सवर भारतीय भाषा टाइप करायचं टूल) आणि त्याचं एम१७एन हे लेआउटचं पॅकेज टाका, लेआउटच्या यादीत मराठीत नाही सापडला तर हिंदीत शोधा. एक-दोन जोडाक्षरं वेगळ्या कीवर येतील, तेवढी बाबांना कागदावर लिहून द्या.