गोचिडी आणि पिसवा : कुत्र्यांच्या आणि घरच्या माणसांच्या बचावाचे अनुभव

पाऊस ओसरू लागला की कुत्र्यांच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली गोचिडी सापडू लागतात, आणि त्यावर शेजारी, नातेवाईक व औषधविक्रेते असे प्रत्येक जण वेगळा उपाय सांगतात. म्हणून ज्यांनी हा त्रास स्वतः निस्तरला आहे त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा, ही विनंती. किडे नेमके कोठे लपले होते, पशुवैद्यांनी काय तपासले आणि कशाने फरक पडला, हे अवश्य सांगावे. औषधांची मात्रा मात्र लिहू नये, कारण ती जनावराच्या वजनावर आणि वयावर ठरते.

पुणे

आमच्या देशी कुत्रीच्या अंगावरच्या गोचिडी वेचून काढल्या तरी थोड्याच दिवसांत तितक्याच पुन्हा दिसत असत. उलगडा झाला तो दिवाणखान्याच्या भिंतीवरून छताकडे चढणारी एक फुगलेली गोचीड दिसली तेव्हा. पशुवैद्यांनी समजावले की शहरातल्या कुत्र्यांवर बहुतेक वेळा आढळणारी ही तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदाच कुत्र्याच्या अंगावर चढते, दर वेळी काही दिवस रक्त पिते आणि खाली उतरते. कात टाकणे आणि अंडी घालणे ही कामे ती चौकटीच्या फटींत, पडद्यांच्या दुमडीत किंवा पलंगाच्या सांध्यांत उरकते. एक मादी हजारांच्या घरात अंडी घालते आणि पूर्ण वाढलेली गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने तग धरते. कुत्र्याला कितीही अंघोळी घातल्या तरी घर तसेच राहते, ते यामुळे. आम्ही फटी सिमेंटने बुजवल्या, अंथरुणे कढत पाण्यात धुतली, कीटकनाशकाची फवारणी करवून घेतली आणि अंड्यांतून नवी पिढी बाहेर येण्याच्या सुमारास ती पुन्हा करवली. फवारा पूर्ण वाळेपर्यंत कुत्रीला आणि मुलांना बाहेर ठेवले होते. त्याच काळात कुत्रीला पशुवैद्यांनी दिलेली गोचिडी मारणारी चघळायची गोळी चालू होती. दोन्ही बाजूंनी एकदम कोंडी केल्यावरच घर मोकळे झाले.

नागपूर

वरील अनुभवात एक भर घालतो. या गोळ्या रक्तात भिनून काम करतात, म्हणजे गोचीड चावल्यावर मरते, चावण्याआधी नाही. काही रोगजंतू मात्र चावल्यानंतर काही तासांतच कुत्र्याच्या अंगात उतरू शकतात. आमच्या लॅब्राडॉरने अन्न सोडले, ताप भरला आणि एका सकाळी त्याच्या नाकातून रक्त आले. रक्ततपासणीत प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) फार घटलेल्या निघाल्या व एर्लिकिया या जिवाणूची बाधा असल्याचे निदान झाले. डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचा सुमारे चार आठवड्यांचा क्रम होता. कुत्रा थोड्याच दिवसांत उड्या मारू लागल्याने घरात औषध थांबवण्याची कुजबुज सुरू झाली होती, पण पशुवैद्यांनी निक्षून सांगितले की अर्धवट सोडल्यास रोग दबून राहतो आणि पुढे अस्थिमज्जेवर उलटतो. हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी गडद तांबूस झाली तर बॅबेसिया या तांबड्या रक्तपेशींत वाढणाऱ्या परजीवीचीही शंका घ्यावी, आणि त्याचे औषध निराळे असते, असेही ते म्हणाले. तात्पर्य इतकेच की गोचीड दिसल्यानंतर कुत्रा मलूल झाला तर रक्त तपासून घ्यावे, केवळ तापाचे औषध देत बसू नये.

दोडामार्ग, सिंधुदुर्ग

आमच्याकडे हा विषय कुत्र्यापुरता राहत नाही. कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात 1957 साली प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि त्यानंतर आमच्या जिल्ह्यातही पोहोचला. 2016 साली येथे त्याची मोठी साथ आली. तो पसरवणारी गोचीड रानातली असते. तिची अर्धवट वाढलेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिढी डिसेंबर ते मे या काळात पालापाचोळ्यात दबा धरून असते, आणि काजूचा हंगामही नेमका त्याच काळात येतो. पडलेल्या बिया वेचायला बसलेला माणूस पाचोळ्यातच बसलेला असतो, त्यामुळे बाग सोडून घरी बसा हा सल्ला आमच्या कामाचा नाही.

आम्ही पूर्ण बाह्यांचे कपडे घालतो, पायजम्याची टोके मोज्यांत खोचतो, उघड्या अंगाला गोचिडींना दूर ठेवणारे तेल लावतो आणि घरी येताच कपडे उकळत्या पाण्यात टाकून अंघोळ करतो. पाचोळ्यावर थेट न बसता बसायला काहीतरी अंथरतो. सोबत येणारा कुत्रा आणि चरून आलेली गुरे अंगावरून गोचिडी घरापर्यंत आणू शकतात, म्हणून त्यांना आधी खळ्यातच तपासतो. मेलेले माकड किंवा वानर दिसले तर जवळ जात नाही, कारण थंड होत जाणाऱ्या देहावरून उतरलेल्या गोचिडी आसपास असतात. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवतो. या तापावर थेट लागू पडणारे औषध नाही, मात्र वेळेवर रुग्णालयात गेल्यास रक्तस्राव आणि पाण्याची कमतरता सांभाळता येते. म्हणूनच अचानक चढलेला ताप, डोके फुटेल अशी वेदना आणि अंगदुखी दिसताच डॉक्टरांना ‘मी रानात जातो’ हे पहिल्या वाक्यात सांगावे.

ठाणे

घरात मांजर असेल तर कुत्र्यासाठी आणलेले परमेथ्रिन या कीटकनाशकाचे थेंब वापरण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. मांजराचे यकृत ते पचवू शकत नाही आणि झटके येऊन त्याचा जीव जाऊ शकतो. आमच्याकडे दोघे एकाच गादीवर झोपतात, म्हणून पशुवैद्यांनी वेगळेच औषध सुचवले.

कोल्हापूर

सुट्टीनंतर बंद घर उघडले आणि आत पाऊल टाकताच घोट्यांवर पिसवांनी हल्ला केला. कुत्रा तर आमच्यासोबतच बाहेरगावी होता! पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून घरभर गळून पडतात आणि त्यांतील किडे पुढे कोशात जातात. तयार झालेली पिसू कोशात महिनोन्‌महिने स्वस्थ बसते आणि पावलांची थरथर, ऊब व उच्छ्वासातील कर्बवायू जाणवताच बाहेर उसळते. कोशावर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून व्हॅक्यूम क्लीनर रोज फिरवून त्यांना बाहेर यायला भाग पाडणे आणि पिशवी लगेच बांधून टाकून देणे हेच उपयोगी पडले.

पुढे कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळासारखे कण दिसले, ते पट्टकृमीचे तुकडे होते. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि हा जंत त्याच्या पोटात जातो. क्वचित लहान मूलही अशी पिसू गिळते, तेव्हा रांगते बाळ असलेल्या घरांनी जंताचे आणि पिसवांचे औषध एकाच वेळी करावे.

न्यू जर्सी

येथे हरणांवरच्या गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाची धास्ती असते. संसर्ग व्हायला ती बहुधा चोवीस तासांहून अधिक काळ चिकटून राहावी लागते, त्यामुळे संध्याकाळच्या तपासणीला खरा अर्थ आहे. मुलांच्या कानांमागे, काखेत आणि गुडघ्यांमागे पाहतो. रानातून आल्यावर कोरडे कपडे ड्रायरमध्ये चढ्या उष्णतेवर दहा मिनिटे फिरवतो. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तिच्यावर रॉकेल, तेल किंवा जळती काडी लावू नये. पुढील काही आठवड्यांत कातडीवर लाल चट्टा पसरू लागला तर डॉक्टरांना दाखवावा, आणि चट्टा नसतानाही ताप आल्यास चावल्याची तारीख त्यांना सांगावी.

सातारा, पशुवैद्यक

कडुनिंबाच्या पाण्याबद्दल मला नेहमी विचारले जाते. त्याने अंघोळ घालायला हरकत नाही, परंतु चिकटलेल्या गोचिडी त्याने मरत नाहीत. गुरांसाठी आणलेले अमिट्राझ हे गोचीडनाशक अंदाजाने कुत्र्यावर ओतणे मात्र धोक्याचे आहे, कारण कुत्रा अंग चाटतो आणि विषबाधा होते. कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाची मोठी मात्रा आनुवंशिक दोषामुळे सहन होत नाही. ज्या कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल त्याच्या मालकाने गोचिडींवरची चघळायची गोळी घेण्याआधी ते पशुवैद्यांना आवर्जून सांगावे. अगदी लहान पिलांना तर या गोळ्या देतच नाहीत. त्यांच्यासाठी बारीक दातांची फणी, साबणाच्या पाण्याचे भांडे आणि आईवर योग्य उपचार हाच मार्ग राहतो.