‘कुटुंब’ आणि ‘फॅमिली’: नेमकी किती माणसं?

माजघर

आजोबांचे जुने कागद लावत होते. एका रजेच्या अर्जाच्या नकलेत वाक्य सापडलं: ‘कुटुंब आजारी असल्याने कामावर हजर राहता आले नाही.’ भाची म्हणाली, "सगळेच एकदम आजारी? काय साथ वगैरे होती का?" कुटुंब म्हणजे आजी, हे तिला पटवता पटवता दमले. तिच्या हातातल्या फोनवर तेव्हा एक बाई आनंदानं सांगत होत्या, "आपली फॅमिली एक लाखाची झाली!"

म्हणजे आजोबांचं कुटुंब एका माणसाचं आणि या बाईंची फॅमिली लाखाची. हे शब्द असे आखडत-फुगत कसे गेले? टीव्ही, मोबाइल, जाहिराती यांचा त्यात हात किती? तुमच्याकडे काय म्हणतात तेही लिहा.

रद्दीवाला

कुटुंब म्हणजे पत्नी हा अर्थ आजोबांच्या पदरचा नव्हे, चांगला रुळलेला होता. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नाही, वडीलधाऱ्यांसमोर ‘बायको’ हा शब्दही उच्चारायचा नाही, मग बोलायचं कसं? म्हणून ‘कुटुंब’, ‘मंडळी’, ‘आमच्या घरातून’. शब्द नपुंसकलिंगी, त्यामुळे ‘कुटुंब माहेरी गेलं आहे’. बाईचं नाव, रूप आणि लिंग तिन्ही एका फटक्यात झाकून टाकणारी सोय! ‘कबिला’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ टोळी किंवा कूळ, पण आपल्या जुन्या पत्रव्यवहारात ‘कबिले’ म्हणजे बायकामुलं. त्यातून ‘कुटुंबकबिला’ झाला.

लग्नपत्रिकेतलं ‘सहकुटुंब सहपरिवार’ घ्या. आज ते एकाच गोष्टीचं दोनदा सांगणं वाटतं. पण परिवार म्हणजे मुळात भोवतालची माणसं, लवाजमा. कुटुंबाचा अर्थ पत्नी धरला तर द्विरुक्ती उरत नाही: पत्नीला घेऊन या आणि बरोबरच्या सगळ्यांनाही आणा. स्टार प्रवाहवर २०२० साली याच नावाची मालिका आली. आता पोरांना हा वाक्प्रचार मालिकेचाच वाटतो.

या शब्दाला सगळ्यात मोठा धक्का मात्र टीव्हीनं दिलेला नाही, भिंतींनी दिला. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ चा. नंतर उलटा लाल त्रिकोण आला आणि शेजारी चार चेहरे: आई, बाप, मुलगा, मुलगी. दवाखाना, पंचायत, एसटी स्टँड, जिथे मोकळी भिंत तिथे हे चौघे. ‘लहान कुटुंब, सुखी कुटुंब’. त्या चित्रात आजी नाही, आत्या नाही, विधवा काकू तर नाहीच. घरात नऊ माणसं जेवायला बसणाऱ्या मुलानं शाळेत ‘माझे कुटुंब’ असं चित्र काढलं की चारच माणसं काढायची, हे मी पाहिलेलं आहे. आणीबाणीत नसबंदीची जी जबरदस्ती झाली, तिनं ‘नियोजन’ हा शब्द बदनाम झाला. १९७७ मध्ये त्याच्या जागी ‘कुटुंब कल्याण’ आलं. पाटी बदलली, चौघे तसेच राहिले.

गडहिंग्लज एक्सप्रेस

आमच्याकडं ‘फॅमिली’ म्हंजे बायकोच की! "माझी फॅमिली झेडपीच्या शाळेत शिक्षिका हाय" हे वाक्य तुम्हाला कुठल्याबी तालुक्याच्या गावाला ऐकायला मिळंल. मुंबईला नोकरीला गेलेला माणूस सांगतोय, ‘फॅमिली गावाकडंच हाय’. तेव्हा नुसतं इंग्रजी घेतलं असं म्हणू नका. कुटुंबाचा जुना अर्थ नव्या कापडात गुंडाळला. मोठ्या घराला म्हणायचं खटलं, न्हायतर बारदान. "लई बारदान हाय बाबा तेंचं."

आणि हायवेवरची पाटी बघा: ‘गार्डन व फॅमिली रूम’. आम्ही पाच भाऊ आणि वडील गेलो तर आम्हाला गार्डन. धाकट्याची बायको संगट असली की लगेच फॅमिली रूम. म्हंजे सहा गडी मिळून फॅमिली न्हाई आणि एक बाई आली की झाली.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडे बाया नवऱ्याले ‘घरचे’ म्हन्तात. "घरच्याईले इचारून सांगतो." बाईच्या तोंडी घर म्हन्जे नवरा, बुवाच्या तोंडी घर म्हन्जे बायको. हिशोब बरोबर हाय.

माजघर

ठेचा, हे फारच आवडलं.

मालिकांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मीच बोलते. ‘हम लोग’ १९८४ ला दूरदर्शनवर आली. तिच्यामागेही लहान कुटुंबाचा प्रचार हा हेतू होता, मेक्सिकोतल्या मालिकांचा नमुना समोर ठेवून. प्रचाराचं काय झालं ते सोडा, लोकांना त्या घरातली माणसं आवडली. पुढे खासगी वाहिन्यांनी भिंतीवरच्या चौघांना उचलून थेट बंगल्यात नेलं. तिथे दोन काका, तीन आत्या, पणजी आणि रात्री झोपतानाही ठुशी घातलेली जाऊ. बघणारे डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आणि पडद्यावर जिना असलेलं एकत्र कुटुंब. ‘होणार सून मी ह्या घरची’ २०१३ ला सुरू झाली, तिच्यात तर सासवांची रांगच होती. नात्यांचे शब्द मालिकांनी टिकवले असं म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. ‘वन्सं’, ‘मामंजी’ गेले ते गेलेच. टिकलं ते सासू-सून हे एकच जोडपं, तेही कुस्तीच्या फडातल्यासारखं.

‘होम मिनिस्टर’ची गोष्ट वेगळी. २००४ पासून पुढची कित्येक वर्षं पैठणी घेऊन दारात येणारे ‘भावोजी’. भावजी म्हणजे दीर. काही भागांत बहिणीचा नवराही. परक्या पुरुषाला घरात घ्यायचं तर त्याला नात्याचं नाव हवं, ते कार्यक्रमानं अचूक हेरलं. आणि बायकोला ‘होम मिनिस्टर’ म्हणणं! आमच्या ऑफिसात निम्म्या पुरुषांच्या फोनवर बायकोचा नंबर याच नावानं आहे. ‘कुटुंब’ गेलं, ‘मंडळी’ गेली, पण नाव न घेण्याची सोय राहिलीच.

रद्दीवाला

थोडं अवांतर: २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं शिधापत्रिकेवर घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं. एकेकाळी जी ‘कुटुंब’ होती ती आता कुटुंबाची प्रमुख. शिधापत्रिकेपुरतं तरी.

सातासमुद्रापार

परदेशात राहतो, त्यामुळे माझं कुटुंब म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. एक शब्द नोंदवा: ‘लेफ्ट होणे’. आधी भाऊ ‘वेगळे निघायचे’, चूल वेगळी व्हायची. ते व्हायला महिने लागत, चार माणसं समजावायला येत. आता काका रात्री साडेअकराला लेफ्ट होतात आणि सकाळी चहाला सगळ्या गावाला माहीत. दुपारी कुणीतरी त्यांना परत ‘अ‍ॅड करतं’. आमच्या काकांचं हे गणपतीत ठरलेलं आहे.

चुलीवरची

मी स्वतः स्वयंपाकाचा चॅनेल चालवते, म्हणून राहवलं नाही. ‘फॅमिली’ का म्हणतो ते सांगते. ‘प्रेक्षकहो’ म्हटलं की नाटकाची घंटा आठवते. ‘मित्रांनो’ म्हणावं तर बघणाऱ्या सगळ्या काकू आणि मावश्या. ‘सबस्क्रायबर’ तर घरी मी सोडून कुणाला धड उच्चारता येत नाही. लाख झाले की चंदेरी बटण येतं, त्याला आम्ही हळदकुंकू वाहिलं, तेव्हा तोंडातून फॅमिलीच निघालं.

पण हा शब्द एकदा वापरला की समोरचाही तो खरा धरतो. सासूबाई एका व्हिडिओत दिसल्या नाहीत तर खाली प्रश्न: ‘ताई, आई कुठे आहेत? भांडण झालं का?’ त्या बहिणीकडे सांगलीला गेल्या होत्या. पुढच्या व्हिडिओत मला तसं सांगावं लागलं, म्हणजे अक्षरशः खुलासा द्यावा लागला. मंगळसूत्र काढून पीठ मळलं तर त्यावर चाळीस जणींचा सल्ला. सख्खी नणंद इतकं बोलत नाही. उलट बाजूही आहे: मुलगा आजारी होता तेव्हा अनोळखी बायकांनी रोज चौकशी केली, काढ्याची कृती पाठवली. सासूबाईंनी मात्र सुरुवातीलाच विचारलं होतं, "त्यांना फॅमिली म्हणतेस, मग मी कोण?" आता त्याच सकाळी विचारतात, "आज व्हिडिओ आहे का? कोणती साडी नेसू?"

रद्दीवाला

ताई, तुमच्या रेसिपीबद्दल तक्रार नाही, शब्दाबद्दल आहे. कुटुंब म्हटलं की सुतक आलं, देणं आलं, रात्री दवाखान्यात बसणं आलं. लाख माणसांत सुतक कुणाला लागतं? हा उसना जिव्हाळा आहे. सरकारही तेच करतं. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. आशाताई दारोदार फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या. चांगलंच काम झालं. पण महिन्याभरात त्या वाक्याचे विनोद निघाले, कारण घोषणेत कुटुंब म्हणजे नक्की कोण ते ज्यानं त्यानं आपापलं ठरवलं.

चुलीवरची

सुतकाचं म्हणाल तर सासरे गेले तेव्हा तेरा दिवस व्हिडिओ टाकला नाही, आणि एकीनेही का नाही म्हणून विचारलं नाही. तुमच्या ग्रुपवर लोक ‘आरआयपी’ टाकून खाली लगेच गुड मॉर्निंग टाकतात.

सातासमुद्रापार

हे आमच्या ग्रुपवर झालेलं आहे. काका त्यावरूनच लेफ्ट झाले होते.

गडहिंग्लज एक्सप्रेस

तुमचं चालू द्या, मला एक काम हाय. जत्रेचा फ्लेक्स छापायचा हाय. ‘शुभेच्छुक’ खाली काय लिहू? ‘समस्त पाटील परिवार’ सगळेच लिवत्यात. ‘पाटील फॅमिली’ म्हटलं की केक शॉप वाटतंय.

रद्दीवाला

साधं ‘पाटील मंडळी’ लिहा. अस्सल मराठी.

गडहिंग्लज एक्सप्रेस

आवो, आमच्या गावात ते वाचून म्हणतील, शुभेच्छा एकट्या वहिनींनीच दिल्या, पाटील कुठं गेलं?