ड्रॉपर सीटपोस्ट: वेताळ टेकडीसाठी गरज की हौस?

टेकडीवासी

धागा काढण्यास कारण असे, की गेल्या रविवारी पुण्याच्या वेताळ टेकडीवरून जुन्या खाणीच्या अंगाने उतरताना मी हँडलवरून पुढे फेकला गेलो. वाट ओळखीची होती आणि वेगही फार नव्हता. पुढचे चाक कातळाच्या वीतभर पायरीवरून खाली गेले, ब्रेक किंचित जास्त दाबला गेला, आणि मागे सरकायला गेलो तर सीट आडवी आली. चढावर पाय जवळजवळ पूर्ण लांबवता यावा म्हणून जी उंची ठेवतो, तीच उतारावर मुळावर आली. कोपर खरचटण्यावर निभावले.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सीटपोस्ट म्हणजे सीटखालची नळी; ड्रॉपर पोस्ट ही तिचा खालीवर होणारा प्रकार. तिला हँडलवर एक कळ असते. कळ दाबून बसल्याबसल्या अंगाचे वजन टाकले की सीट खाली जाते, कळ सोडली की तिथेच थांबते, आणि पुन्हा कळ दाबून वजन काढले की आतल्या हवेच्या दाबाने वर येते. सायकल थांबवावी लागत नाही.

माझे मत असे झाले आहे, की टेकड्यांवर नियमित चालवणाऱ्याने ही पोस्ट घ्यावीच, आणि घ्यायचीच तर १५० मि.मी. ट्रॅव्हलची, म्हणजे सीट तेवढी खाली नेणारी, घ्यावी, म्हणजे पुन्हा खर्च नको. माझी सायकल जुनी हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) आहे, पुढे तीन आणि मागे नऊ गियर. विरोधी मते असतील तर ती खर्च करण्यापूर्वी ऐकायची आहेत.

घाटउतार

विरोधी मत माझे आहे, आणि ते सौम्य नाही. आपण पडलात ते सीटमुळे नव्हे, पुढचा ब्रेक पायरीवर दाबल्यामुळे. ज्या पैशात चांगली ड्रॉपर येते, त्यात दोन दर्जेदार टायर आणि ब्रेकचे पॅड येऊन वर पैसे उरतील, आणि त्यांचा उपयोग उताराबरोबरच चढाला, वळणाला आणि पौड रस्त्यावर आडव्या आलेल्या रिक्षालाही होईल.

वेताळ टेकडी ही शहराच्या पातळीपासून दोनशे-सव्वादोनशे मीटर उंच. माथ्यावर पोचल्यावर सगळे पाणी पिण्यासाठी थांबतातच. तेवढ्या वेळात क्विक रिलीजचा क्लॅम्प (पोस्ट फ्रेममध्ये आवळणारे, पान्याशिवाय उघडणारे कडे) उघडायचा, सीट खाली घ्यायची, उतरायचे. योग्य उंचीवर पोस्टला चिकटपट्टीची खूण करून ठेवली, की परत वर घेताना अंदाज चुकत नाही. हे काम दहा सेकंदांचे आहे. त्यासाठी साध्या पोस्टपेक्षा तीनचारशे ग्रॅम जास्त वजन कायमचे वाहायचे, तेही सायकलच्या सर्वांत उंच जागी, हा मला हिशोबाचा घोटाळा वाटतो.

रानवाट

घाटउतार यांचा क्लॅम्पचा हिशोब सिंहगडाला लागू पडेल, कारण तिथे एक सलग चढ आणि एक सलग उतार आहे, आणि तोही डांबरी. टेकडीवर तसे नसते. खाणीकडे उतरलात की शंभर मीटरवर पुन्हा चढ, मग सपाटी, मग मुरमाची घसरडी उतरण, मग झाडाखालून वाकून जायची वाट. तासाभरात मी पंधरा-वीस वेळा तरी सीट खालीवर करते. तितक्या वेळा थांबून क्लॅम्प उघडणार कोण? प्रत्यक्षात कोणीच उघडत नाही. एक मधलीच उंची धरून ठेवली जाते, जी चढावर गुडघे दुखवते आणि उतारावर आडवी येते.

दुसरा मुद्दा टेकडीवरच्या शिष्टाचाराचा. सकाळी सहा ते नऊ ही वेळ फिरायला येणाऱ्यांची असते. अरुंद वाटेवर समोरून आजोबा, मागून कुत्रे, मध्येच रस्ता ओलांडणारा मोर, अशा वेळी सीट खाली असेल तर दोन्ही पाय जमिनीवर टेकून निमूट उभे राहता येते. उंच सीटवर चवड्यावर तोल सांभाळत उभा असलेला सायकलस्वार त्या आजोबांनाही धोकादायक दिसतो, आणि त्यांचे दिसणे बरोबर असते.

आणि सीट खाली जाण्याचा उपयोग मागे सरकण्यापुरता नसतो. दोन्ही पेडल सपाट ठेवून कंबर खाली आणली की गुरुत्वमध्य खाली येतो. वळणावर सायकल अंगाखाली कलंडवता येते, कारण मांड्यांमध्ये सीट अडकत नाही. हे टायर बदलून मिळत नाही.

कातळखूण

डांबरी उताराला ड्रॉपर नको, हे मात्र घाईचे विधान आहे. १९ मार्च २०२२ रोजी मिलान–सान रेमो ही सुमारे २९३ कि.मी.ची रस्त्यावरची शर्यत स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिच याने रोड सायकलवर ड्रॉपर पोस्ट बसवून जिंकली, आणि पोज्जिओ या शेवटच्या टेकडीच्या उतारावरच तो पुढे निघून गेला. अर्थात तो मोहोरिच होता. सिंहगडाच्या वळणावर समोरून जीप येते.

जुना पाना

आपण सगळे घ्यावी की न घ्यावी यावर भांडत आहात. टेकडीवासींच्या सायकलीत ती बसते का, हे कोणी विचारलेले नाही. वयाचा मान म्हणून थोडे लांब लिहितो.

धावत्या सायकलवर सीट खाली घेण्याची हौस आजची नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी ‘हाइट राइट’ नावाची एक स्प्रिंग काढली होती. ती पोस्ट आणि फ्रेम यांच्यामध्ये बसे. क्विक रिलीज सैल करून सीटवर वजन टाकले की सीट खाली, वजन काढले की स्प्रिंग ती पूर्वीच्या उंचीला आणि सरळ रेषेत परत आणी. म्हणजे घाटउतार यांचा क्लॅम्प आणि रानवाट यांची ड्रॉपर यांच्यातला दुवा तेव्हाच सापडला होता. हँडलवरच्या कळीची पोस्ट सर्वत्र दिसू लागली ती पुढे, २०१०मध्ये रॉकशॉक्स कंपनीची रिव्हर्ब ही पोस्ट आल्यानंतर.

आता मापे. पहिले माप व्यासाचे. ते जुन्या पोस्टच्या खालच्या भागावर कोरलेले असते: २७.२, ३०.९, ३१.६ किंवा ३४.९ मि.मी. ३१.६च्या फ्रेममध्ये ३०.९ची पोस्ट पातळ बाही घालून बसवता येते. उलटे कदापि होत नाही. फ्रेम आतून घासून मोठी करून देतो म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघावे. २७.२मध्ये ड्रॉपर मिळतात, पण निवड थोडी आणि ट्रॅव्हल बहुधा कमी, कारण तेवढ्या बारीक नळीत सगळा संसार मांडायचा असतो.

दुसरे माप बाहेरच्या उंचीचे. आपली नेहमीची सीट योग्य उंचीला ठेवून, फ्रेमच्या क्लॅम्पच्या वरच्या कडेपासून सीटखालच्या रेलच्या (सीट ज्यांवर बसते त्या दांड्यांच्या) मध्यापर्यंत मोजा. ड्रॉपर पूर्ण वर असताना तिच्या कॉलरपासून (बाहेरच्या नळीच्या वरच्या कड्यापासून) रेलपर्यंतचे अंतर यापेक्षा जास्त असेल, तर ती पोस्ट तुमच्यासाठी उंच झाली. १५०च्या पोस्टला हे अंतर मॉडेलनुसार साधारण १८० ते २१० असते. नुसत्या ट्रॅव्हलचा आकडा बघून घेणारे इथेच फसतात. काही पोस्टमध्ये ट्रॅव्हल दहा-वीस मि.मी.ने कमी करून घेता येते, तेवढीच पळवाट.

तिसरे माप खोलीचे, आणि ते सगळे विसरतात. सीटची नळी तळापर्यंत मोकळी नसते. बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू आत आलेले असतात, काही फ्रेममध्ये नळीला बाक असतो. जुनी पोस्ट हळूहळू आत सोडत न्या. जिथे अडेल तिथे क्लॅम्पपाशी खूण करा आणि खालच्या टोकापासून खुणेपर्यंत मोजा. नव्या पोस्टचा आत जाणारा भाग याहून लांब असेल, तर ती पूर्ण बसणार नाही.

घाटउतार

पाना काका, मापे मान्य. परंतु बसली तरी टिकणार का, हा माझा पुढचा प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर टेकडीवरची माती चाकाने उडून थेट सीटपोस्टवर येते, आणि एप्रिल-मेमध्ये मुरमाची भुकटी. पोस्टचे वरचे सील म्हणजे शेवटी एक रबराचे कडे. साध्या पोस्टमध्ये बिघडण्यासारखे काहीच नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

रानवाट

क्लॅम्पने दिवसातून चार वेळा चिखलाची पोस्ट नळीत खालीवर केली तर ती भुकटी फ्रेमच्या आतच जाते आणि नळी खरवडते. माझ्या आधीच्या सायकलीची पोस्ट पुरावा म्हणून दाखवता येईल, लांबून ती झेब्र्याच्या पायासारखी दिसते.

गिरणगल्ली

माझ्याकडे पाच वर्षांत दोन ड्रॉपर झाल्या, त्यामुळे टिकाऊपणावर थोडे अनुभवाचे.

पहिली हायड्रॉलिक होती, म्हणजे कळीपासून पोस्टपर्यंत केबलऐवजी तेल. चालायची सुरेख. दोन वर्षांनी सीट पूर्ण वर असतानाही बसल्यावर बोटभर खचू लागली. अशा पोस्टमध्ये तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये एक सरकता पिस्टन असतो. त्याच्या सीलमधून वायू तेलात शिरला की तेलाचा आधार स्पंजासारखा होतो. दुरुस्तीला पूर्ण उघडावी लागते, आणि मी ज्या दुकानात नेली तिथे ती सहा आठवडे कपाटावर पडून राहिली. दुसरी घेताना म्हणून ठरवून साधी केबलची, आत बंद काडतूस (कार्ट्रिज) असलेली घेतली. असे काडतूस बिघडले तर काढून नवे बसवायचे, घरी, अर्ध्या तासात. केबल कुठल्याही दुकानात मिळणारी गियरची. बिनतारी पोस्टही मिळतात आणि जुन्या फ्रेमला त्या सर्वांत सोयीच्या, कारण केबल ओढायचीच नसते. पण किंमत ऐकून मी चहा मागवला.

घाटउतार यांच्या सीलच्या भीतीत तथ्य आहे, परंतु उपाय कंटाळवाणा इतकाच आहे: फिरून आल्यावर आतली, खालीवर होणारी चमकती नळी ओल्या फडक्याने पुसणे, आणि अधूनमधून कॉलर उघडून आत ताजे ग्रीस. प्रेशरने पाणी मारू नये. सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू किंवा टांगू नये, काही पोस्टमध्ये त्याने हवा नको तिथे शिरते. दुरुस्तीच्या स्टँडमध्ये चमकती नळी पकडू नये, तेवढ्या ओरखड्याने सील संपते.

आणखी एक. दुसरी पोस्ट बसवून घेतल्यावर सीट वर येईना. दुकानदार म्हणाला, पोस्टच खराब आली. घरी येऊन क्लॅम्प अर्धा फेरा सैल केला आणि सीट टुणकन वर आली. क्लॅम्प जास्त आवळला की बाहेरची नळी दाबली जाते आणि आतली अडकते. बहुतेक ठिकाणी पाच-सहा न्यूटन-मीटर पुरेसे असतात. त्यासाठी टॉर्कचा पाना हवा, मनगटाचा अंदाज नव्हे.

टेकडीवासी

काल संध्याकाळी पाना काकांच्या सांगण्याप्रमाणे मापे घेतली आणि माझ्या पहिल्या पोस्टमधला १५०चा आग्रह मागे घेतो. व्यास २७.२. क्लॅम्पपासून रेलपर्यंत १७२ मि.मी. जुनी पोस्ट २१५ मि.मी.वर अडते, बाटलीचा खालचा स्क्रू तिथे आहे. फ्रेमला केबल आत न्यायचे भोकही नाही, म्हणजे बाहेरून केबल असलेलीच पोस्ट लागेल.

१२५ची एक पोस्ट पाहून ठेवली होती. तिची कॉलर ते रेल उंची १७०, म्हणून आनंद झाला. परंतु आत जाणारा भाग २३०. म्हणजे ती १५ मि.मी. वर राहणार आणि सीट मला हवी त्याहून १३ मि.मी. उंच होणार. राहिली १००ची.

घाटउतार

मग शंभरासाठी एवढा खटाटोप? माझ्या क्लॅम्पने शंभर काय, दीडशे खाली घ्या, फुकट. निदान पैसे मोजण्यापूर्वी तसे करून त्याच पायरीवरून उतरून पाहा.

जुना पाना

हा सल्ला मला पटतो. फक्त पट्टीने मोजून बरोबर शंभरच खाली घ्या, म्हणजे तुलना प्रामाणिक होईल. आणि केबल सीटच्या डोक्याला न जोडता कॉलरपाशी जोडलेली पोस्ट मिळाली तर तीच घ्या. डोक्याला जोडलेली केबल सीट खाली जाताना बाहेर फुगते आणि मांडीला किंवा मागच्या चाकाला लागते.

टेकडीवासी

आज पहाटे केले. सीट मोजून शंभर खाली घेतली आणि त्याच पायरीवरून तीनदा उतरलो. तिन्ही वेळा सीट अंगाखाली आहे हे जाणवलेसुद्धा नाही. इथपर्यंत घाटउतार यांचा विजय. पण पायरीनंतरच्या चढावर, गुडघे छातीशी आल्यासारखे वाटत असताना, सीट वर घ्यायला थांबलो तेव्हा मागून येणारे दोघे थांबले आणि समोरून येणाऱ्या काकूंनी मला काही बिघडले का म्हणून विचारले. दुसऱ्या फेरीला सीट वर घेतलीच नाही, चढ चालत गेलो. क्लॅम्प आणि ड्रॉपर यांच्यातला फरक माझ्यापुरता तिथे कळला.

एक अडचण राहते. डावीकडे तीन गियरचा शिफ्टर असल्याने कळ हँडलखाली बसत नाही.

रानवाट

हँडलवरून बसणारी उभी कळ घ्या, ती शिफ्टरच्या आतल्या बाजूला बसते. अंगठा थोडा लांबवावा लागतो, आठवड्यात सवय होते. पुढचा शिफ्टर काढून एकच चेनरिंग (पेडलपाशी असलेले दातेरी चाक) ठेवणे उत्तम, पण मग मागची कॅसेटही (दातेरी चाकांचा संच) मोठी लागेल आणि हा धागा संपणार नाही.

घाटउतार

पोस्ट घ्याच म्हणता तर घ्या. मागच्या महिन्यात बावधनच्या उतारावर आपले मागचे टायर पाहिले होते, मधल्या गुठळ्या जवळजवळ सपाट झाल्या आहेत. शंभर मि.मी. खाली बसून घसरलात तरी घसरलातच.

टेकडीवासी

टायर या आठवड्यात बदलतो. पोस्ट केबलची, १००ची, कॉलरपाशी जोडणारी मागवतो, परंतु बसवीन गणपतीनंतर. पहिलाच महिना तिला चिखलात घालवायची माझी छाती नाही.