ट्रॉली रंगवण्याआधी पत्रा पूर्ण उघडा करायचा की नाही?

मोहोळचा ऊसवाला (धागाकर्ता)

गाळप आटोपलं की आपल्या जिल्ह्यात गावोगावी ट्रॉल्या, पलटी नांगर, रोटाव्हेटर रंगायला निघतात. वेळ योग्य आहे, एप्रिल-मेची हवा कोरडी आणि अवजारंही रिकामी. पण काम कसं होतं? ग्राइंडरला वायर कप (तारांचा गोल ब्रश) लावून फिरवला, डिझेलच्या चिंधीनं पुसलं, रेड ऑक्साइडचा प्रायमर मारला आणि संध्याकाळी लगेच वर इनॅमल. दिवाळीपर्यंत पोपडे सुटतात आणि शिव्या मात्र रंगाला.

माझं ठाम मत आहे की रंग खालच्या पत्र्यामुळं सुटतो. वायर कपनं गंज निघत नाही, तो घासून चकाकतो. नीट बघा, पत्रा चमकतो पण बारीक खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके तसेच असतात. फ्लॅप डिस्क (ग्राइंडरची खरखरीत पेपरची चकती) किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर लावून गंजलेली ट्रॉली पूर्ण उघडी करा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा.

आणि घासण्याआधी तेल-ग्रीस काढा. आधी ग्राइंडर फिरवला तर ग्रीस ओरखड्यांत जाऊन बसतं. डिझेल तर स्वतःच तेलकट थर मागं ठेवतं. साबणाच्या गरम पाण्यानं धुवा, मग घासा, शेवटी थिनरनं पुसा, आणि चिंधी बदलत राहा, नाहीतर तेच तेल इकडचं तिकडं होतं. झालं की नाही हे बघायला पाणी शिंपडा. सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ, थेंब गोळा होऊन राहिले तर तेल अजून आहे.

गॅरेजवाला, अक्कलकोट रोड

तेलाचं बरोबर हाय, पण सगळी ट्रॉली उघडी करायचं काय कारण सांगा की ओ? घट्ट बसलेला जुना रंग काढून टाकणं म्हणजे चांगलं अस्तर फेकून देणं. कारखान्यात आधी धुऊन, प्रक्रिया करून मारलेला प्रायमर असतो, तसा आपल्या अंगणात होत नाही.

आम्ही पत्र्याची पट्टी घेऊन कडेनं खरवडतो. सुटेल तो रंग काढायचा, धरून बसलाय तो ठेवायचा. दोन्हीच्या मधला काठ ८०, मग १२०, मग १८० नं असा उतरवायचा की नख फिरवलं तरी अडकू नये. राहिलेल्या रंगावर हलका पेपर मारून चमक घालवायची. उघड्या जागेवर प्रायमर, मग सगळीकडं रंग. मडगार्ड, बॉनेटच्या पातळ पत्र्यावर फ्लॅप डिस्क दाबली तर पत्रा तापून वाकतो, ते कोण भरून देणार? शेतकऱ्याच्या खिशाचा बी विचार करा.

सांगोला डाळिंब

गॅरेजवाल्या भाऊंचं बिनखताच्या अवजाराला चालेल, फवारणीच्या ब्लोअरला अजिबात नाही. बोर्डो मिश्रणातलं तांबं लोखंडावर बसलं की लोखंड झपाट्यानं खातं. खतं पसरायच्या यंत्राचं तसंच, युरिया-पोटॅशचे क्षार सांध्यात साठतात. वरून रंग घट्ट दिसतो आणि खालून गंज सरकत असतो. वेल्डिंगच्या कडेला हातोडीनं हलकं ठोकून बघा, रंगाची खपली उडते आणि खाली तपकिरी भुकटी असते. तुमची पट्टी तिथं फसते.

क्षार घासून जात नाहीत, ते पाण्यानंच जातात. आमच्या बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग सोडतं, म्हणून शेवटचं पाणी तरी गोडं वापरायचं, आणि लगेच कापडानं पुसून कॉम्प्रेसरची हवा मारायची. खोल खड्डे पडलेल्या चॅनलला मात्र ब्लास्टिंगच (हवेच्या जोरानं खडे मारून साफ करणं) हवं. ब्लास्टिंगवाल्याला 'एसए अडीच' म्हणून सांगितलं की कितपत स्वच्छ करायचं ते त्याला कळतं.

बार्शीकर

एवढी मेहनत कशाला? फॉस्फरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर मिळतं. ब्रशनं लावा, गंज काळा पडतो, वर रंग. निम्मी मजुरी वाचते.

मोहोळचा ऊसवाला

@बार्शीकर, पातळ आणि घट्ट गंजावर ते काम करतं, मान्य. पण पापुद्रे सुटलेल्या गंजावर लावलं तर वरचा थर काळा होतो, खालचा तसाच. शिवाय उरलेलं ॲसिड डब्यावर लिहिलंय तसं धुऊन काढावं लागतं, नाहीतर वरचा रंगच धरत नाही. एपॉक्सी प्रायमर मारणार असाल तर ॲसिड राहिलेल्या पत्र्यावर तो मारूच नका.

@गॅरेजवाला, पातळ पत्र्याचं पटलं, तिथं हातानं पेपर. पण ऊस भरताना-उतरवताना घासून, मळी लागून ट्रॉलीच्या तळाचा रंग ठिकठिकाणी तुटलेला असतो. तिथं तुकड्यातुकड्यांचं काम दोन हंगाम टिकत नाही, यावर मी ठाम आहे.

माढ्याची शेतकरी

कोणीच छातीचं बोलत नाही. नदीच्या वाळूनं ब्लास्टिंग करणारे अजून आहेत. त्या धुळीतल्या सिलिकानं सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. कॉपर स्लॅग किंवा गार्नेट वापरणाऱ्याकडेच काम द्या. जुना रंग घासताना तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, बारीक कणांचा मास्क हवा. रंगातल्या विषारी शिशाची मर्यादा २०१७ पासून लागू झाली ती घरगुती रंगांना, यंत्रांच्या रंगाला नाही. पोरं खेळतात त्या अंगणात तर हे घासूच नका.

आणि मुळात सगळ्यालाच रंग कशाला? नांगराचा फाळ आणि पाटा मातीत घासून आपोआप नितळ होतात. तिथला रंग पहिल्या तासांतच जातो, आणि जाईपर्यंत माती चिकटते. तिथं काम संपल्यावर धुऊन ग्रीस लावणं एवढंच पुरे.

गॅरेजवाला, अक्कलकोट रोड

ताई, फाळाचं शंभर टक्के खरं. पण ग्रीसच लावा, जळकं ऑइल नको. लोकं सगळ्या नांगराला जळकं ऑइल चोपडतात आणि दोन वर्षांनी रंगायला आणतात. ते सांध्यात, बोल्टाच्या भोकात मुरलेलं असतं. वरून स्वच्छ केलं तरी ऊन लागलं की परत पाझरतं आणि नवीन प्रायमरला डोळे, म्हणजे गोल खड्डे, पडतात.

उघडा पत्रा त्याच दिवशी झाकायचा, यावर माझा वाद नाही. हवा कोरडी असली तरी मे महिन्यात वळीव कधी येईल सांगता येत नाही, आणि घामाच्या हाताचे ठसे सकाळी तांबडे दिसतात. म्हणून तर म्हणतो, एका दिवसात सगळी ट्रॉली उघडी करून, धुऊन, वाळवून प्रायमर मारणं दोन माणसांच्यानं होत नाही. एक बाजू घ्या, ती संपवा, मग दुसरी. आणि दुपारी बारानंतर स्प्रे गन हातात धरू नका. पत्र्याला हात लावता येत नाही इतका तापतो, रंग पोचायच्या आधीच वाळतो आणि भुकटीसारखा खरखरीत बसतो. सावलीत, सकाळी.

मोहोळचा ऊसवाला

एकेक बाजू घ्यायला माझी हरकत नाही. पण बाजू घेतली की ती पूर्ण उघडी, ठिगळं नकोत.

बार्शीकर

एक विचारतो. आता फक्त प्रायमर मारून ठेवला आणि रंग दसऱ्याला दिला तर चालेल का? पैशाची ओढ आहे.

सांगोला डाळिंब

नाही चालणार. रेड ऑक्साइड नुसता ठेवला तर त्यातून ओल आत जाते, पावसाळाभर उघड्यावर राहिला की खाली गंज धरतो. पैसे कमी असतील तर या वर्षी फक्त तळ आणि चॅनल करा, पण त्यावर इनॅमलचे दोन हात पाऊस पडायच्या आत पुरे करा. बाजूच्या फळ्या पुढच्या वर्षी.